कडूबाईंसाठी न फिरलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण आता लपवून काय उपयोग?

भिंगारच्या बाजारात एका कारागिराने मला घडवलं. नगरमधल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रबंधांचं कपाट होतं, त्याच्या कुलुपाची मी किल्ली झाले. वर्षानुवर्षं अभ्यास करून लिहिलेली, सोनेरी अक्षरांची ती जाड पुस्तकं! ग्रंथपाल नृसिंहराव मला कमरेला लावून फिरत. "पानाला कुणाचं बोट लागू देत नाही," असं ते कौतुकाने सांगत. मीही चढून गेले होते.

१९९३ च्या उन्हाळ्यात कर्जतकडून कडूबाई आल्या. महेंद्र नावाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या गावच्या चाळीस विहिरींचा दोन वर्षं अभ्यास केला होता. तो आता नोकरीसाठी दूर गेला होता. गावाला नवी विहीर खोदायची होती. कुठल्या अंगाला चैत्रातही पाणी टिकतं, ते त्याच्या प्रबंधात होतं.

"बाहेरच्यांना प्रबंध दाखवत नाही," नृसिंहराव म्हणाले.

"हिरीत दोरी म्याच सोडायची, त्यो आकडे लिवायचा. मंग मी भाईरची कशी वो?"

नृसिंहराव वरमले. त्यांनी मला कुलुपात घातलं. आणि मित्रांनो, मी अडून बसले. धुळीने भरलेल्या पायांच्या या बाईसाठी मी का फिरायचं, असं माझ्या मनात आलं.

"बघा, कुलूपच उघडत नाही. पुन्हा कधी या," ते म्हणाले. सुटल्यासारखं वाटलं असावं त्यांना.

त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे कळलं, गावाने अंदाजाने विहीर खोदली. पन्नास फुटांवर नुसता खडक लागला.

१९९८ साली सुमेधाताई ग्रंथपाल झाल्या. सगळे प्रबंध संगणकावर उतरवायचे आणि मागेल त्याला फुकट वाचू द्यायचे, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी मला तेल दिलं. मी लगेच फिरले. आत महेंद्रच्या प्रबंधाला वाळवी लागली होती. आकड्यांची पानं गेली होती. फक्त आभाराचं पान शिल्लक होतं.

ताईंनी कडूबाईंना बोलावून ते वाचून दाखवलं, "कडूबाईंनी दोरी धरली नसती, तर हा प्रबंध झाला नसता."

कडूबाईंनी त्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "वाळवीनं माजं नाव तेवढं ठिवलं व्हय? पानी समदं खाल्लं."

ताईंनी त्याच दिवशी कुलूप काढून टाकलं. मी आता खिळ्याला लटकते. मित्रांनो, पुस्तकं जपा, पण मी जपली तशी नको. ज्यांनी दोरी धरली, त्यांना आधी वाचायला द्या.