कुंडीमागचा पिवळा बोर्ड

जरा जपून! हो, तुम्हालाच म्हणतोय. 'फरशी ओली आहे' असं सांगणारा पिवळा बोर्ड बोलतोय मी. माझ्या पोटावर एक माणूस काढलाय. कारखान्यात छापल्यापासून तो घसरतोच आहे, पण बिचारा अजून जमिनीला टेकलेला नाही.

एका छोट्या लॉजच्या मालकांनी मला विकत आणलं. दुकानदार त्यांना म्हणाला होता, "हा ठेवला की तुम्ही मोकळे. मग पडणारा जाणे आणि त्याचं नशीब." मालक खूश झाले. मीही फुशारलो. आपल्यामुळे कुणाचे तरी हातपाय वाचणार, यापेक्षा चांगली नोकरी कोणती?

पण मालकांचा सगळा जीव त्यांच्या फरशीत. काळी, चकचकीत, तोंड दिसेल अशी. ओली असली की ती आणखी चमकते, म्हणून पाहुणे यायच्या वेळेलाच ते ती पुसून घेत! त्या चमकेत माझा पिवळा रंग त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. "सगळी शोभा घालवतो हा," म्हणत त्यांनी मला दाराजवळच्या मोठ्या कुंडीमागे नेऊन उभं केलं. तिथे सोबतीला एक कोळी. मला भारी राग यायचा. लपूनच बसायचं होतं, तर मला इतकं पिवळं कशाला केलं?

एके सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई मुक्कामाला आल्या. फरशी नुकतीच पुसलेली. बाईंनी पाऊल आत टाकलं आणि धप्पकन आवाज झाला. कुंडीमागून मला फक्त उडालेली चप्पल दिसली.

मालक धावले. बाईंकडे नव्हे, माझ्याकडे! मला उचलून त्यांनी बाईंच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "अहो, बोर्ड होता की इथे! दिसला नाही का तुम्हाला?"

शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई उजवं मनगट धरून कण्हत होत्या.

"दिसला असता हो, पण तो माझ्यानंतर आला ना," त्या म्हणाल्या. "याच हातावर माझं घर चालतं. आता कसं व्हायचं?"

तेवढ्यात मालकीणबाई जिन्यावरून खाली आल्या. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अहो, निदान त्याच्या डोक्यावरचं जाळं तरी काढायचं होतं!"

एवढं दुखत असतानाही बाईंना हसू फुटलं. मालकांचा चेहरा मात्र पडला.

"आता काय करू गं?"

"करायचं काय? आपल्या दारात, तुमच्या हौसेपायी पडल्यात त्या. आधी गाडी काढा."

मालकांनी गाडी काढली. दवाखान्यात "चूक माझीच आहे" असं त्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलं आणि उपचाराचा सगळा भार उचलला. बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये होता तोवर त्यांचं राहिलेलं शिवण दुसऱ्या शिंप्याकडून करून घेतलं. बटणं लावायला तर मालक स्वतः बसले. एकही सरळ लागलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आता फरशी पाहुणे येण्याआधी पुसतात आणि ती वाळेपर्यंत मी मधोमध उभा असतो. माझा रंग विटलाय, एक पाय लटपटतो, पण मी कामावर आहे. लोक मात्र फोनमध्ये डोकं खुपसून येतात, मला धडकतात आणि वर मलाच शिव्या देतात. मंडळी, मी वाटेत कडमडत नाही हो, तुमच्यासाठीच उभा आहे. एवढा वळसा घालून जात जा.

परवा त्या बाई पुन्हा आल्या. मनगट छान जुळलंय, मशीनही पूर्वीसारखं चालू आहे. "थांबा, थांबा, ओलं आहे!" म्हणत मालक धावले, या वेळी थेट बाईंकडे. बाईंनी त्याच उजव्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "आज माझ्या आधी आलास हो!"