आतल्या खोलीतला बॉक्स

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला कुणी सांगायला नको. पण ह्यांच्याशी धरलेला अबोला रागाचा नव्हता, मन दुखावल्याचा होता. ह्यांना काय झालंय ते डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. मुलाला ते ठाऊक होतं, प्रेसमधल्या जुन्या सोबत्याला ठाऊक होतं, आणि घरात चोवीस तास वावरणाऱ्या बायकोला मात्र कपाटातल्या कपड्यांखाली रिपोर्ट सापडला तेव्हा कळलं. तुला त्रास नको म्हणून, असं म्हणाले. एकेचाळीस वर्षं संसार करून मी शेवटी परकीच. मी बोलणंच टाकलं.

आता घरात दोनच माणसं, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं. अबोला चालवणं म्हणजे काय खायचं काम आहे? मी दाराच्या चौकटीला सांगायची की गोळ्या टेबलावर ठेवल्यात. ते छताकडे बघत म्हणायचे, पाणी कोमट असतं तर बरं झालं असतं. असा आमचा कारभार.

ते आतल्या खोलीत पडून असायचे आणि मी हॉलमध्ये शिलाई मशीनपाशी, लोकांचे कपडे उसवून सैल करून देत. दोघांनाही मालिका बघायची सवय. म्हणून मुलगा आला तेव्हा हॉलमधल्या टीव्हीच्या मोठ्या सेट-टॉप बॉक्सपासून वायर ओढून त्यानं आत एक छोटा बॉक्स बसवून दिला. हॉलमध्ये रेकॉर्ड झालेले सगळे भाग आतल्या टीव्हीवरही दिसायला लागले. "सगळं शेअर केलंय, आई," असं म्हणाला आणि आपल्या नोकरीच्या गावी निघून गेला. शेअर म्हणजे वाटा, एवढं मला कळतं. कापड कापणारीला वाटा काय असतो ते कुणी शिकवायचं? तीन मीटरचे दोन तुकडे केले की एक तुझा, एक माझा. तसा प्रत्येक भाग एक ह्यांच्या बॉक्समध्ये आणि एक माझ्या, असं मी धरून चालले.

खुनाच्या तपासाची मालिका होती, तेरा भागांची. हे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत बसलेले, चूक दिसली की गप्प राहवत नसे. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या भागातच खुनी कोण ते मोठ्यानं सांगून मोकळे व्हायचे आणि मी पुढचे आठ दिवस धुसफुसायची. ह्या वेळी अबोल्यामुळे तेवढी माझी सुटका झाली होती. खरं सांगायचं तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दुपारी आधी ते बघायचे. संध्याकाळी मी तोच भाग लावला की पडद्यावर प्रश्न यायचा, थांबलात तिथून पुढे पाहायचं का? त्यावरून ह्यांनी कुठे बंद केलं ते कळायचं. दहाव्या मिनिटाला बंद केलं असेल तर आज अंगात त्राण नाही, मग मीही तो दुसऱ्या दिवसावर ढकलायची. शेवटपर्यंत पाहिला असेल तर मी गुपचूप दोन घास जास्त वाढायची. ह्या बॉक्सचं त्या बॉक्सला कसं कळतं, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला. माझा पाहून झाला की मी भाग पुसून टाकायची. मशीनखालच्या चिंध्या रोज झाडून टाकणारी बाई मी, पाहिलेलं कशाला साठवून ठेवू?

तेराव्या भागाच्या दिवशी ह्यांना सकाळी इंजेक्शन दिलं होतं. ते गाढ झोपले. माझ्याच्यानं संध्याकाळपर्यंत थांबवेना, म्हणून एका परकराची पट्टी दुमडता दुमडता मी शेवट बघून टाकला. असा काही शेवट होता की सुई बोटात घुसली तरी कळलं नाही. आणि पहिला विचार काय आला, तर ह्यांनी हे ओळखलं असेल का? किती दिवसांनी ह्यांच्याशी बोलावंसं वाटलं. मग सवयीनं मी भाग पुसला. त्यांचा त्यांच्याकडे होताच ना.

दुपारी आतून टीव्हीचा आवाज येत होता. मी मुद्दाम आत गेले नाही, म्हटलं निवांत बघू देत. संध्याकाळी मात्र मानापमान गुंडाळून ठेवला, चहा केला आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसले. चौकटीला नाही, ह्यांच्याकडे बघून विचारलं.

"मग? शेवट कसा वाटला?"

ह्यांनी चादर वर ओढून घेतली. मग म्हणाले, "तुला आवडला ना? झालं तर मग." आणि भिंतीकडे कूस वळवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एवढी वाकले, तरी ह्यांचा ताठा जात नाही! तशीच उठले. चहा तिथेच निवला. तिसऱ्या दिवशी पहाटे ह्यांना श्वास घेता येईना. अँब्युलन्समध्ये तोंडावर मास्क होता, बोलणं शक्यच नव्हतं. दुपारी सगळं आटोपलं.

पंधरा दिवसांनी मुलगा बॉक्स काढून कंपनीला परत द्यायला निघाला. मी म्हटलं, हॉलमधला ने, आतला राहू दे. त्यात ह्यांचे भाग आहेत.

"त्यात काही नसतं, आई. सगळं हॉलमधल्या बॉक्समध्येच साठतं. आतला नुसता तिथलं बघतो."

"आणि हॉलमधलं पुसलं तर?"

"मग आत कुठून दिसणार?"

मी त्याच पलंगावर बसले. मग दुपारी आत चाललं होतं ते काय? बातम्या असतील, जाहिराती असतील, देव जाणे.

मुलगा वायर गुंडाळत होता. न राहवून म्हणाला, "बाबांनी त्या दुपारी फोन केला होता मला. म्हणाले, तुझ्या आईनं माझा शेवटचा भाग पुसून टाकला. तिला काही बोलू नकोस. तेवढ्यानं तिचा राग फिटला असेल तर बरंच झालं."

आणि त्याच संध्याकाळी मी चहा घेऊन गेले आणि तोंड वर करून विचारलं, शेवट कसा वाटला. आधी पुसला आणि आता वर जखमेवर मीठ चोळायला आली, असंच वाटलं असणार त्या माणसाला. तरी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. आवडला ना, एवढंच विचारलं.

काय झालं, काय झालं म्हणून मुलगा मला हलवत होता. मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. अहो, मी बोलायला आले होते. तो टोमणा नव्हता हो.