सीताफळाच्या पेटीतला मल्हार

नांदूरघाटच्या सुंदररावांचं नाक असं, की शेजारच्या गावात शिरा शिजला तरी हे इकडे ओसरीवर बसून वेलदोडा कमी पडल्याचं सांगायचे. पण अंबाजोगाईत त्यांचं नाव झालं ते कानासाठी. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

स्टँडच्या मागं हबीबभाईचं फळांचं दुकान. हबीबभाईला नाद दोनच, फळं आणि शास्त्रीय गाण्याच्या कॅसेटी. दर रविवारी चारच्या सुमाराला गिऱ्हाईक पातळ झालं, की तो पडद्यामागून तीन कॅसेटी आणायचा, प्रत्येकीचा तुकडा वाजवायचा आणि विचारायचा, "तिन्ही रागांच्या नावात एक शब्द सारखा हाय. बोला कोणता?" कधी कानडा निघायचा, कधी कल्याण. जिंकेल त्याला दुकानातली हातवाली एकुलती एक खुर्ची आणि कापलेल्या फळाची पहिली फोड. बाकीच्यांना स्टूल.

बारा वर्षं ती खुर्ची सुंदररावांचीच. आणि रिटायर कंपाउंडर धोंडीरामची पाठ बारा वर्षं स्टुलावर दुखत होती.

आता खरं सांगायचं तर सुंदररावांना गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. हबीबभाई कॅसेटी फळांच्या रिकाम्या पेट्यांत ठेवायचा. सगळे मल्हार सीताफळाच्या पेटीत, सगळ्या तोड्या जांबाच्या, म्हणजे पुण्याकडचे पेरू म्हणतात त्याच्या, आणि सगळे सारंग खरबुजाच्या. सुंदरराव पंधरा वर्षं सरपंच होते. वॉर्डनिहाय मतदारयादी पाठ असलेल्या माणसाला तीन-चार पेट्यांतली नावं पाठ करायला कितीसा वेळ लागतो? एकदा पेट्या उघड्या दिसल्या, तेवढ्यात काम झालं. मग कॅसेट समोर आली, की डोळे मिटायचे, मान डोलवायची आणि हळूच नाक ओढायचं. सीताफळ आलं की मल्हार. लोक म्हणायचे, बघा कसे तल्लीन झालेत.

त्यांची नात सायली हे बघतच मोठी झाली. "आबांसारखं ओळखता आलं पायजे," म्हणून गाण्याच्या क्लासला गेली, एकामागून एक परीक्षा दिल्या आणि आता कॉलेजात गाणंच घेऊन बसली होती. तिच्या बापानं कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली होती, "आबांना कळतं. आबांना विचारा." आबांनी मान डोलवली होती. तेवढं त्यांना येत होतंच.

त्या वैशाखातल्या रविवारी सुंदरराव दुकानात शिरले, तर टेपरेकॉर्डर गायब.

"मोटर जळाली," हबीबभाई म्हणाला. "हुस्नानं समदं मोबाइलमधी भरून टाकलंय."

हुस्ना म्हणजे त्याची सून. ती मोबाइल पुसत म्हणाली, "आवाज लई साफ येतो चाचा. आणि आजचं कोडं सायलीनं घातलंय."

"आबांना सोपं नको म्हणून," आधीच येऊन बसलेली सायली हसली. "मैत्रिणींना सांगून आलेय, माझे आबा पहिल्या फटक्यात सांगतील."

मोबाइलला कसला वास? पण नातीसमोर मागं फिरायचं कसं? ते खुर्चीत बसले, डोळे मिटले.

पहिला तुकडा सुरू झाला. आणि अहो, भस्सकन सीताफळाचा वास! पिकलेलं, डोळे उघडलेलं सीताफळ.

"सीताफळ कुणी आणलं बे?" ते ओरडले.

"वैशाखात?" धोंडीराम फिसकन हसला. "ऊन लागलं का सरपंचाला?"

दुसरा तुकडा. आता जांब! सुंदररावांनी वाकून मोबाइल हुंगला. काच नुसती, गरम झालेली.

"आबा, काय करताय?"

"दिसत न्हाई नीट," ते म्हणाले आणि घाम पुसला.

तिसरा तुकडा लागला आणि खरबुजाचा वास आला. पण दुकानात खरबुजांचा कमरेइतका ढीग होता. वास गाण्याचा की ढिगाचा? सुंदरराव खुर्ची ओढत ओढत पार रस्त्यावर गेले. वास पाठोपाठ आला. त्यांनी नाक चिमटीत धरलं. तरी वास येतोच आहे!

"मळमळतंय का?" हबीबभाईनं विचारलं.

"गप बस की हबीबभाई."

सीताफळ, जांब, खरबूज. एका वॉर्डातले तिघं असते तर सोपं होतं. हे तीन वॉर्डांतले. त्यांनी यादी चाळावी तशी मनातल्या मनात नावं चाळली. मेघ मल्हार, गौड मल्हार... गौड सारंगातही आहे, पण तोडीत गौड नाही. बिलासखानी, गुर्जरी... तिन्ही वॉर्डांत नातलग असलेला एकच निघाला.

"मियाँ," ते नाक धरूनच म्हणाले. "मियाँ मल्हार, मियाँ की तोडी, मियाँ की सारंग."

सायलीनं टाळी वाजवली. धोंडीराम मुकाट्यानं स्टूल पुसायला लागला.

"आबा, कसं हो ओळखलंत? मी गाण्याच्या सरांचं आणि तुमचं, दोघांचंच ऐकते."

तिचा तो चेहरा बघितला आणि सुंदररावांना राहवेना. निवडणुकीत सतरा आश्वासनं न अडखळता दिलेला माणूस, पण इथं जीभ अडली.

"पोरी, मी तुला बारा वर्षं फशिवलं. मला गाणं कळत न्हाई. मी पेट्यांचा वास घेतो. मल्हाराला सीताफळाचा येतो, तोडीला जांबाचा. आजबी आला. कावून आला, ते इचारू नको."

सायलीचं हसू अर्ध्यावर थांबलं. हबीबभाई मात्र डोकं खाजवत होता.

"कोणत्या पेट्या?"

"पडद्यामागच्या."

"सुंदरराव, त्या दोनच वर्षं होत्या. उंदरांनी दोन भैरवी खाल्ल्या, तवाच मी समद्या कॅसेटी लोखंडी ट्रंकेत टाकल्या. डांबरगोळ्या घालून. दहा वर्षं झाली!"

सुंदरराव एकदा पडद्याकडं, एकदा स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. दहा वर्षं मग हुंगलं काय?

सायलीनं मोबाइल ओढणीआड नेऊन कुणाला न दाखवता आणखी एक तुकडा लावला. "आता सांगा. काय वास येतोय?"

सुंदररावांनी श्वास ओढला. तोंड वाकडं झालं.

"डांबरगोळ्या."

धोंडीराम मांडी थोपटत हसला. "गेला! ट्रंकेचं नाव ऐकलं आन गेला!"

सायलीनं मोबाइल हबीबभाईपुढं धरला. राग केदार होता. हबीबभाईनं ते नाव दोनदा वाचलं.

"हसू नको बे धोंडीराम," तो म्हणाला. "केदार म्या ट्रंक आल्यावर घेतला. त्यानं फळाची पेटी कधी बघितलीच न्हाई."

"मंजे?" सुंदररावांनी विचारलं.

"मंजे मलाबी कळंना."

सायलीला मात्र काहीतरी कळलं असावं. तिनं रस्त्यावरची खुर्ची उचलून आत आणली, आबांना हाताला धरून बसवलं आणि स्वतः जमिनीवर त्यांच्या पायाशी बसली. "सोमवारपासून मी रियाजाला बसले की तुम्ही समोर बसायचं," ती म्हणाली. "चुकले की वास सांगायचा."

हुस्नानं खरबूज चिरून पहिली फोड त्यांच्या हातात दिली. सुंदररावांनी ती भीत भीत तोंडाशी नेली, आणि कानात सारंग वाजावा तशी त्यांची मान आपोआप डोलायला लागली. मोबाइल तर कधीचा बंद होता.