बिबिन्या मावशींचं दार

“हे दार माझं आहे,” बिबिन्या मावशी म्हणाल्या, आणि माझ्या भावाच्या, आदेरितोच्या, हातातला पेला कलंडला.

लिस्बनमधल्या त्या कलादालनात त्याचं पहिलंच मोठं प्रदर्शन होतं. केप व्हर्द बेटांवरून आलेल्या आम्हा लोकांच्या टेकडीवरच्या वस्तीवर बुलडोझर फिरला, तेव्हा ढिगाऱ्यातून त्यानं चौकटीसकट दारं, तारा, बाटल्यांची झाकणं उचलून आणली होती. त्यांचीच ही भिंत त्यानं दालनाच्या मधोमध उभी केली होती. लोक वाखाणत होते. त्याच्या जिवाला मात्र घोर. “ताई, कुणी आपलं म्हणून ओळखलं तर?” हे मी वर्षभर ऐकत होते. वस्तीतलं कुणी दिसलं की तो रस्ता बदलायचा.

आणि आज मावशी स्वतःच हजर. दाराच्या तळाशी तेलाच्या डब्याचा तुकडा ठोकलेला होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे ठिगळ आमच्या ह्यांनी मारलेलं. उंदीर यायचे ना. हे गेले, पण ठिगळ हललं नाही बघ.”

आदेरितोच्या तोंडचं पाणी पळालं. “चुकलं माझं, मावशी. आत्ता काढून देतो.”

तो खरंच हत्यारं घेऊन आला. ते दार काढलं असतं तर अख्खी भिंत कोसळली असती.

“काढशील, आणि मी ठेवू कुठं? सरकारनं दिलेल्या त्या पाचव्या मजल्यावर? तिथं लोखंडी दार दिलंय मेलं. बाहेर कोण आलंय तेही कळत नाही.” मावशींनी दार ढकललं. ते हललं नाही. “खिळे ठोकलेस होय रे?”

“तुम्ही रागावलात.”

“रागावणार नाही तर काय! दिवसाउजेडी कधी बंद होतं का हे? भूक लागली की कुणीही आत यायचं, मक्या-घेवड्याचा कचुपा ओरपून जायचं. काढ ते खिळे.”

आदेरितो गुडघ्यांवर बसला. शेवटचा खिळा निघाला तसं दार आपोआप आत गेलं. तो तसाच जमिनीवर टेकला आणि हसायला लागला. “सुटलो ग, ताई.”

“सुटलास तर वाटेतून सर,” मावशी म्हणाल्या.

त्या दाराशी आल्या आणि डोक्याला छपराचा पत्रा लागू नये म्हणून सवयीनं मान वाकवून आत गेल्या. वर पत्रा नव्हता.