‘दवाखाना’ या शब्दाखाली लपलेला मी

मित्रांनो, मी आता जुना झालेला एक मेनू आहे. फोनच्या पडद्यावर ‘दवाखाना’ या शब्दाखाली मी लपून असतो. त्या शब्दावर बोट टेकलं की खाली उलगडतो: डॉक्टर, लसीकरण, औषधं, गाडी. नुसत्या बोटाच्या स्पर्शानं, जिथं काहीच नव्हतं तिथं मी असतो. याचं माझं नवल अजून सरलेलं नाही.

मला वरवट बकाल गावच्या आलिमानं घडवलं. शिकलेली बाई, पण लेक सफा झाल्यापासून तिच्या जिवाला घोर. सफा नुसती शिंकली तरी ही डॉक्टरचा नंबर शोधते, असं म्हणून नवरा शकूर तिला चिडवायचा. त्याच घोरातून तिनं साऱ्या गावासाठी इंटरनेटवर एक पान तयार केलं. सफा झोपली की ती मला घडवायला बसे. आधी नावांची यादी लिहिली, मग ती लपवली. मग जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत समजावलं की शब्दावर बोट पडलं तर यादी दाखव, पुन्हा पडलं तर लपव. वर एक शिस्तही लावली: माझ्याबाहेर पडद्यावर कुठंही बोट पडलं तरी मिटायचं. पहिल्यांदा उलगडलो तेव्हा ती श्वास रोखून बघत राहिली.

गावानं कौतुक केलं. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, “हे त दारावानी आहे. ठोकलं का उघडते.” मग लोक आपापल्या कामाला लागले. मला कुणी फारसं हात लावेना.

एका दुपारी पुष्पाबाईंच्या नातवाला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगाजवळ विंचू चावला. गडीमाणसं शेतात होती. सून जयमालानं पोर कडेवर घेतलं आणि ‘दवाखाना’वर बोट टेकलं. मी उलगडलो. तोच कळवळणाऱ्या पोराचा हात पडद्यावर आपटला आणि मी मिटलो. तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा तोच चिमुकला तळहात. ‘गाडी’ हा शब्द तिच्या बोटाखाली येता येता नाहीसा होई. पोर घामानं ओलंचिंब झालेलं. मला उघडं राहायचं होतं हो, पण मला लावलेली शिस्त मोडणं माझ्या हाती नव्हतं.

पुष्पाबाई पोराला घ्यायला धावल्या. ते आईचा गळा सोडेना.

“राहू दे. मी त्याचे हात धरतो, तू दाब,” त्या म्हणाल्या.

तिनं दाबलं. फोन लागला आणि गावात गाडी चालवणाऱ्या गोविंदाची जीप आली. संध्याकाळी पोर दवाखान्याच्या खाटेवर दूध प्यालं, तेव्हा कुठं जयमाला रडली.

दुसऱ्या दिवशी ती आलिमाकडे आली. “तुहा मेनू चांगला आहे वं,” ती म्हणाली, “पण तो रिकाम्या हाताच्या बाईसाठी आहे. लेकरू कडेवर असलं का टिकत नाही.”

आलिमाच्या ध्यानात आलं: मला तपासताना तिनं लेकीला कधी जवळ घेतलंच नव्हतं.

तिनं माझी ती शिस्त पुसून टाकली. मग सफाला मांडीवर घेऊन मला उघडलं. सफानं दोन्ही हातांनी पडदा बडवला, हसली, पुन्हा बडवला. मी उघडाच राहिलो. एवढ्या छोट्या हातांत एवढं बळ असतं, हे मी डोळे भरून पाहत होतो.

मित्रांनो, कुणासाठी काही घडवाल, तेव्हा त्या माणसाच्या कडेवर कोण आहे, तेवढं आधी बघा.