झिंगूभाऊंनी बकऱ्याला हात जोडले

"माय, रीनाच्या घरचे सगळंच खातात. तू काई टेन्शन घेऊ नको." माझ्या पोरानं, आदेशनं, फोनवर असं सांगितलं, मी ते डोळे झाकून मानलं आणि तिथंच फसले.

आदेश एटापल्लीकडे वनरक्षक आहे. रीना तिथल्याच आरोग्य उपकेंद्रात नर्स, माडिया आदिवासी घरची मुलगी. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आता तिचे वडील झिंगूभाऊ आमचं घर बघायला येणार होते. घर पसंत पडलं तर मुलगी देणार, नाहीतर आल्या पावली परत. आणि बापानं नाही म्हटलं तर रीना त्याचा शब्द मोडणार नाही, हेही आदेशनं बजावलं होतं.

आमचं गाव सिंदेवाहीजवळ. मानाचा पाहुणा आला की आमच्या घरी बकरा कापतात आणि कापण्याआधी तो पाहुण्यापुढे आणून उभा करतात. सासऱ्यांपासूनची रीत. कोंबडीवर भागवलं नाही हे पाहुण्याला कळायला नको का! माझ्या नवऱ्यानं, गुणवंतरावांनी, चांगला भरलेला काळा बकरा आणला. मी त्याला कुंकू लावलं, पाट्यावर मसाला वाटला आणि गावातल्या चाळीस जणांना जेवणाचं सांगितलं. या रंभाबाईच्या हातचं मटण खाऊन कोणी नावं ठेवलीत, असं आजवर झालेलं नाही.

आदेश रीनाला आणि तिच्या वडिलांना जीपनं घेऊन आला. झिंगूभाऊ बारीक अंगाचे, ताठ, कमी बोलणारे. त्यांनी पळसाच्या पानात बांधलेला पुडा माझ्या हातात दिला.

"बाई, लाल मुंग्यांची चटणी आहे," रीना म्हणाली. "बाबानं स्वतः झाडावर चढून मुंग्या काढल्या."

"मुंग्या!" माझे भासरे हेमराज, म्हणजे यांचे मोठे भाऊ, खाटेवरून फिसकन हसले. मी पुडा पदराखाली धरला आणि आत नेऊन ठेवला.

मग गुणवंतरावांनी बकरा अंगणात आणला. झिंगूभाऊ खाटेवरून उठले, बकऱ्यासमोर गेले, दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

अंगणातली माणसं खो खो हसली. सगळ्यात मोठ्यानं हसले हेमराज. "पाहा रे, मुंग्या खातात अन् बकऱ्याच्या पाया पडून राह्यले!"

झिंगूभाऊ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. रीनाला त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलले.

"बाई," रीना मला म्हणाली, "बकरा आमच्या कुळाचा देव आहे. आमी त्याले खात नाई, अन् आमच्यासाठी कापलेला तं चालतच नाई. बाबा म्हणतात, तुमची चूक नाई. पण आमी निघतो."

मी आदेशकडे पाहिलं. "तीन वर्सं तिथी राह्यते, याईच्या घरी जेवते, अन् तुले एवढं मालूम नाई?"

"मले वाटलं, तिले मटण आवडत नाई," तो पुटपुटला. पोटचा पोरगा म्हणून सोडला, नाहीतर त्या दिवशी उलथणं हातातच होतं.

"जाऊ दे त्याईले," हेमराज म्हणाले. "जे सगळंच खातात, ते आपल्याले शिकवतीन का? कापा बकरा, लोकं येऊन राह्यले."

आमच्यात सून भासऱ्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर नवऱ्याकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून सांगायचं. सव्वीस वर्षं मी भिंतीशी बोलले. त्या दिवशी भिंत राहिली बाजूला.

"भाऊजी, पोळ्याले तुमी बैलाचे पाय धुता, त्याले पुरणपोळी चारता. तवा तुमाले कोणी हासते का? अन् धानाच्या बांधीतल्या खेकड्याच्या टांगा तुमी चोखून खाता, तं तुमची नागपूरची सून नाकाले पदर लावते. त्या दिवशी ताटावरून उठून गेलते तुमी. इसरले का?"

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी बकऱ्याचं दावं सोडून त्याला गोठ्याकडे नेलं. "हा कापाचा नाई. कोंबड्या पकडा."

झिंगूभाऊ दारातच थांबले होते. ते बोलू लागले आणि रीना एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. बापाच्या शब्दांना धक्का लागू नये म्हणून ती जपून बोलत होती.

"बाबा म्हणतात, जंगलात जे भेटते ते खावं लागते. मुंगी खातो, उंदीर खातो, कंद खातो. त्याची आमाले लाज नाई. पण जो सगळं खाते, त्यानं एक तरी बाजूले ठेवावं. बाबा लहान होते तवा दुष्काळ पडला. लहान बहीण भुकेनं रडत होती. दुसऱ्या कुळाचा एक माणूस दया येऊन बकऱ्याची तंगडी घेऊन आला. आजानं त्याच्या पाया पडून ती परत केली. त्या दिवशी सगळे पाणी पिऊन झोपले."

हेमराजांनी मान खाली घातली. झिंगूभाऊंनी माझ्याकडे पाहून मोडक्या मराठीत स्वतःच विचारलं, "बाई, सणाले बकरा कापाल, तं माह्या पोरीले रांधा लावाल?"

"नाई," मी म्हणाले. "बाकीच्याईले खावं वाटलं तं मी रांधीन, थेही घराबाहेर, येगळ्या चुलीवर. तिच्या भांड्याले लागणार नाई."

झिंगूभाऊ परत खाटेवर बसले. मग जी काय धावपळ झाली! निम्मं गाव कोंबड्यांमागे धावत होतं. जेवायला दुपार कलली. मी मुंग्यांची चटणी ताटात घेतली. पहिला घास आंबट, जिभेला झिणझिण्या आणणारा, नाही आवडला. दुसरा बरा लागला. जाताना झिंगूभाऊ एवढंच म्हणाले, "पोरगी देतो."

लग्न आमच्याच अंगणात झालं. पंगतीत सिंदेवाहीचा एक पाहुणा ताट बघून कुरकुरला, "एवढं मोठं घर, अन् बकरा काऊन नाई?" मी आतून ऐकलं आणि उत्तर द्यायला पदर खोचून निघालेही होते. पण वाढता वाढता हेमराज त्याच्यासमोर थांबले.

"आमच्या सुनेचा देव आहे थो," ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या घरी त्याले हात जोडतात. तुमाले कोंबडा पाहिजे का, सांगा."