एकोणपन्नास–एकोणपन्नास

वाकोल्याच्या गावठाणात इग्नेशियसच्या वायरिंगला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान इग्नेशियसचं तसं म्हणणं होतं. तीस वर्षं त्याने लोकांच्या बिल्डिंगी उजळल्या होत्या, आणि आज दुपारी तीनपासून स्वतःच्याच टीव्हीमागे डोकं खुपसून तो घाम गाळत होता.

कारण गॅविन उद्या सकाळी कॅनडाला चालला होता. मुलीकडे, कायमचा. समोरच्या घरातला, शाळेपासूनचा हा दोस्त, आणि दोघांची एक मॅच बाकी होती. पंच्याण्णव साली रणगाड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये दोघे एकोणपन्नास–एकोणपन्नासवर आले होते. पन्नासावी जिंकेल तो राजा. मॅच ऐन रंगात आली, चर्चची सातची घंटा झाली आणि इग्नेशियसच्या मायने सरळ बटण बंद केलं. त्या घरात सातच्या घंटेला टीव्ही बंद आणि रोझरीची प्रार्थना सुरू, या नियमाला अपवाद नव्हता. पुढच्याच आठवड्यात टीव्हीची ट्यूब गेली, गेम माळ्यावर गेला आणि आपणच जिंकलो असतो, असं दोघे पुढची तीस वर्षं एकमेकांना ऐकवत राहिले.

"गेमला पिवळी पिन आहे, आणि टीव्हीला पिवळं भोकच नाही!" इग्नेशियस मागून ओरडला. "कसला टीव्ही घेतलास गं, आयडा?"

"तूच घेतलास," आयडा किचनमधून म्हणाली.

"राहू दे ना यार," सोफ्यावर बसून आयडाने तळलेले मैद्याचे फुगे खात गॅविन म्हणाला. "कॅनडात पोचलो की फोन करतो. तोवर लागेल."

हात पुसत आयडा आली. इग्नेशियसची ही बायको या घरात माहितीपुस्तिका वाचणारी एकमेव व्यक्ती होती. चष्मा लावून तिने टीव्हीची पाठ न्याहाळली. "ते हिरवं बघ. त्याच्याभोवती पिवळी रिंग आहे. त्यात घाल."

"हिरव्यात?" इग्नेशियस ताडकन उठला. "वेडी झालीस? हिरवा म्हणजे अर्थिंग! उभ्या आयुष्यात मी अर्थिंगच्या जागी दुसरी वायर जाऊ दिली नाही. घर जळालं म्हणजे?"

"तो टीव्ही आहे रे, ट्रान्सफॉर्मर नाही."

एवढं बोलून तिने पिवळी पिन हिरव्यात खुपसली. इग्नेशियस दोन पावलं मागे सरकला. गॅविननेही फुग्यांची ताटली उचलून छातीशी धरली. तिने रिमोटवरून एव्ही निवडलं आणि पडद्यावर झकास रंगीत रणगाडे उभे राहिले.

"मी वायर नीट सोडवून ठेवली होती म्हणून," इग्नेशियस म्हणाला.

मॅच सुरू झाली आणि दोघांचीही वाट लागली. बटण आत्ता दाबावं आणि गोळा मागाहून सुटावा, रणगाडा वळेपर्यंत समोरच्याने उडवलेला असावा. दोघेही तीन-तीनदा मेले, मॅच बरोबरीत सुटली.

"म्हातारे झालो रे आपण," गॅविन हळूच म्हणाला. इग्नेशियसने जॉयस्टिक मांडीवर टाकली. शेवटची मॅच अशी रडतखडत होणार असेल, तर ती माळ्यावरच बरी होती.

"म्हातारे झालातच," आयडा म्हणाली, "पण हा टीव्हीपण चित्र सजवत बसतो, म्हणून उशीर होतो." तिने सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला.

मॅच नव्याने लागली आणि आता बोट हललं की गोळा सुटत होता. दोघांना ओरडायला, शिव्या द्यायला आणि लगेच देव्हाऱ्याकडे बघून जीभ चावायला एक तोंड पुरेना. पावणेसातच्या पुढे गॅविनचा शेवटचा रणगाडा उरला, तोही कोपऱ्यात विटांमध्ये अडकलेला. इग्नेशियसकडे अजून दोन होते. एक गोळा सोडला की तीस वर्षांचं भांडण संपलं.

त्याचा अंगठा बटणावर गेला. त्याने गॅविनकडे बघितलं. दातांत जीभ धरून तो पडद्याकडे डोळे लावून बसला होता, पंच्याण्णव साली बसायचा तसाच. उद्यापासून समोरच्या दाराला कुलूप. इग्नेशियसला एकदम रडू यायला लागलं. ही मॅच संपली, तर या माणसाला परत यायला कारण काय उरणार?

तो उठला आणि त्याने टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"ए! काय केलंस?"

"घंटा झाली."

"कुठे झाली? आत्ता आठ मिनिटं कमी आहेत!" गॅविनने साक्षीसाठी आयडाकडे बघितलं. देव्हाऱ्यासमोर आयडा आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

तिने खिळ्यावरची रोझरीची माळ काढली आणि गुडघे टेकले. "झाली. मी ऐकली."

तिघे प्रार्थनेला बसले. मध्येच खरी घंटा वाजली, पण कोणीच मान वर केली नाही.

निघताना गॅविनने आपली जॉयस्टिक गेममधून उपसली, वायर गुंडाळली आणि पँटच्या खिशात कोंबली. "ही मी नेतो. नाहीतर तू एकटा प्रॅक्टिस करशील."

"ने. पण हरवू नकोस, आता मिळत नाहीत."

"नाताळात आणतो."

तो रस्ता ओलांडून दारात दिसेनासा झाल्यावर इग्नेशियस आत आला. कामाच्या पिशवीतून काळी टेप काढून तो पुन्हा टीव्हीमागे गेला आणि ती पिवळी पिन हिरव्यातून हलणार नाही अशी त्याने घट्ट चिकटवून टाकली.